हनुवटीवर खळी असलेला राम

८ एप्रिल, सोमवार. अमावास्या, सूर्यग्रहण.

देव सकाळीच पाण्यात बसवले. रामाची तसबीर पाण्यात कशी ठेवणार, म्हणून तिच्यावर उपरणं घातलं. दुधा-दह्यावर तुळशीची पानं. सगळी नाही तोडली, झाड अजून लहान आहे. ते घरातच खिडकीशी ठेवलंय. बाहेर ठेवलं तर अमेरिकेतल्या या नोव्हाय गावची थंडी त्याला रातोरात घेऊन जाईल.

आन्या शाळेतून काळे कागदी चष्मे घेऊन आली. शंतनू आणि सूनबाई विनीता अंगणात खुर्च्या टाकून बसले. "आजी, कम आउट! यू आर मिसिंग इट!" मी गेले नाही. ग्रहण का कुणी बघायला जातं?

पण घरात बसूनही दिसायचं ते दिसलंच. तीनच्या सुमारास उजेड निवत गेला. संध्याकाळही नव्हे आणि पहाटही नव्हे, जुन्या फोटोतल्यासारखा उजेड. तळ्यावरचे रानहंस ओरडायचे थांबले. हे खिडकीशी खुर्चीत बसले होते. जानेवारीत यांना अर्धांगाचा झटका आला. पाय पुष्कळ सुधारला, काठी घेऊन चालतात, पण वाचा गेली ती गेलीच. समजतं सगळं. बाहेर एक शब्द येत नाही. मी म्हटलं, "बोला की हो काहीतरी. मला भीती वाटतेय."

तेवढ्यात शेजारच्या घरातून कुणीतरी मोठ्यानं लावलेलं जुनं गाणं ऐकू आलं. सनई, ढोलकी आणि एक भरदार पुरुषी आवाज. यांनी मान वळवली. डावा पाय हलत होता. थंडी वाजत असणार. मी शाल घातली.

९ एप्रिल, मंगळवार. पाडवा.

पडद्याच्या दांडीची गुढी केली. कडुनिंब मिळाला नाही, विनीता म्हणाली फ्रोजन मिळतो पण ती दुकानात जायला विसरली. दहाच्या सुमारास दार वाजलं. शेजारच्या तेलुगू घरातली आजी, रत्नम्मा, वाटीत चिंचगुळाचं कडूगोड काहीतरी घेऊन उभी. त्यांचाही आज उगादी, आणि त्या वाटीत कडुनिंबाची फुलं! गुंटूरहून बहिणीनं वाळवून पाठवलेली. मी डोळ्यांना लावून घेतली.

रत्नम्मा हैदराबादेत तीस वर्षं राहिलेली, त्यामुळे हिंदी बोलते, पण तिच्या तऱ्हेची. "क्या बाई, अंदरिच बैठे रहते तुम लोगां? आओ ना जी, पिक्चर देखेंगे." मग यांच्याकडे बघून म्हणाली, "भैया को भी लाओ."

मी म्हटलं, यांना सिनेमाचा नाद नाही.

१२ एप्रिल, शुक्रवार.

वाचेसाठी जी बाई येते तिनं आज सांगितलं (शंतनूनं मला मराठीत समजावलं) की बोलण्याची जागा डोक्यात एकीकडे आणि गाण्याची दुसरीकडे असते. बोलता न येणारी माणसं कधी कधी गाऊ शकतात. यांना आवडती, तोंडपाठ गाणी ऐकवा. तिचं असंही म्हणणं पडलं की पहिले सहा महिने महत्त्वाचे, नंतर कठीण होत जातं. हे शंतनूनं अगदी हळू सांगितलं.

मी लगेच सुरुवात केली. हरिपाठ म्हटला, मनाचे श्लोक म्हटले, भजनं म्हटली. हे छताकडे बघत बसले. नांदेडला असताना माझ्या भजनी मंडळाला यांनी कधी नाही म्हटलं नाही. बायका यायच्या दिवशी स्वतःहून बाहेर जायचे, आम्हाला जागा व्हावी म्हणून. आवड असल्याशिवाय का माणूस एवढं करतो?

पुन्हा उद्या.

१७ एप्रिल, बुधवार. रामनवमी.

आज झोपायच्या आधी लिहायलाच हवं.

दुपारी बारा वाजता पाळणा म्हटला, तसबिरीला हार घातला, सुंठवडा केला. ही तसबीर कशी आली ते इथं लिहून ठेवते. शंतनू चार वर्षांचा असताना आम्ही त्याला अक्षराभ्यासासाठी बासरच्या सरस्वतीला नेलं. देवळाबाहेरच्या फोटोवाल्याकडे मी दत्त घेत होते. हे म्हणाले, "हा घे." निळा राम, खांद्याला धनुष्य, एक भुवई किंचित वर, हनुवटीवर मधोमध खळी. असा राम मी कुठे पाहिला नव्हता. पण डोळे असे की बघणारा एकटा उरत नाही. तेव्हापासून रोज गंध. शंतनूच्या विषमज्वरात, यांची नोकरी सुटली तेव्हा, जानेवारीत हॉस्पिटलात. जे मागायचं ते या मुखाकडे बघून मागितलं.

सुंठवडा घेऊन रत्नम्माकडे गेले. यांनीही काठी घेतली, म्हणून बरोबर नेलं. तिच्या मुलानं, प्रसादनं, तळघरात भिंतभर पडदा लावलाय. अंधार, मऊ खुर्च्या, समोर जुना रामाचा सिनेमा लागलेला. सीतास्वयंवर चाललं होतं. ढगांसारखा धूर, त्यातून एकेक राजा येतोय आणि हरतोय. मला पेंग येत होती. मग विश्वामित्रांच्या मागून तो पुढे आला आणि धनुष्याला हात लावायच्या आधी त्यानं वर पाहिलं.

माझा राम. भुवई तीच. खळी तीच.

मी उठून उभी राहिले आणि हात जोडले. खरंच जोडले. तसबिरीतून उतरून माझ्यापुढे चालत आला होता, दुसरं काय करणार? किती वेळ तशी उभी होते कोण जाणे. सिनेमा संपला, प्रसादच्या बायकोनं कॉफी आणली, आणि लगेच दुसरा लागला. त्यात माझा राम बेलबॉटम घालून, हातात बाटली घेऊन टेबलावर नाचत होता.

"ये कौन?" मी विचारलं.

"अय्यो, भुवनमोहन!" रत्नम्मा गालांवर हात ठेवून म्हणाली. "हमारे भुवनबाबू. नै मालूम तुमकू?"

हे माझ्याकडे बघत नव्हते. पडद्याकडे बघत होते आणि खांदे हलत होते. रडू आलं असेल. इतकी वर्षं ज्याच्यापुढे वाकलो तो एक नट निघाला, हे यांनाही लागलंच असणार.

१९ एप्रिल, शुक्रवार.

तसबीर काढली. पंच्यात गुंडाळून विनीताच्या कपाटात, हिवाळी कोटांच्या मागे ठेवली. टाकवत नाही, आणि पुजवतही नाही.

शंतनूला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, चिल. तिकडे तेलुगू मुलखात अर्ध्या घरांत असेच फोटो असतात. भाव महत्त्वाचा." आन्या म्हणाली, "सो गॉड हॅड अ स्टंट डबल? दॅट्स सो कूल, आजी!" विनीता बिचारी ओठ दाबून हसू आवरत होती.

त्यांना हसू येतं. मी मात्र जमाखर्च लिहिणारी बाई आहे. इतक्या वर्षांची जमा मी कुणाच्या खात्यावर टाकली? रामाच्या, की पडद्यावरच्या त्या नाचऱ्याच्या? आणि आता यांच्या वाचेसाठी मागायचं आहे, तर कुणाकडे मागू?

देव्हाऱ्यात मागे रिकामी जागा दिसते. हे सकाळी तिथे काठीनं दाखवत होते. दोनदा, तीनदा. चिडले सुद्धा. आजारपणात माणूस देवाकडे वळतो म्हणतात ते खरं. मी जवळ बसून समजावलं, "तो आपला राम नव्हता हो." त्यांनी काठी आपटली.

२६ एप्रिल, शुक्रवार.

हे रोज दुपारी दोन वाजले की चपला घालतात आणि शेजारी जातात. मी नेलं नाही तर एकटे निघतात. गवतावरून, बर्फ वितळून झालेल्या चिखलातून. रत्नम्माची फिल्टर कॉफी लागली आहे. मला तिकडे जायचा संकोच वाटतो, पण एकटं कसं सोडू? मी पडद्याकडे पाठ करून वाती वळत बसते. रत्नम्मा मात्र थांबत नाही, एकेका सिनेमाबरोबर त्या माणसाचं आयुष्य सांगत राहते. कानाला झाकण थोडंच आहे.

कृष्णेच्या काठचं गाव. बाप ताक विकायचा. आवाज गोड, म्हणून नाटक मंडळीनं उचलला आणि आधी सीता केलं. मिसरूड फुटेपर्यंत हा मुलगा सीता होता! मग मद्रास. स्टुडिओतल्या लाकडी राजवाड्यात झोपायचा, दुसऱ्याच्या सिंहासनाखाली. पहिल्या सिनेमात द्वारपाल, एक वाक्य, तेही कापलं. मग रामाचं काम करणारा मोठा नट ऐनवेळी रुसला. मुकुट कुणाच्या डोक्याला बसेना, याच्या बसला.

"शूटिंग चलते तक नीचे सोया, एक वक्त खाया," रत्नम्मा म्हणाली. "थेटर में लोगां चप्पल बाहर निकालते थे, बाई. हमारी अम्मा नारियल लेके गई थी."

मी वात वळता वळता थांबले. बरं, निदान एकभुक्त राहत होता.

३ मे, शुक्रवार.

स्वप्न पडलं. तळ्याच्या काठानं राम चालला होता, अंगावर शंतनूचा हिवाळी कोट, हातात यांची काठी. मॅग्नोलियाच्या पाकळ्या पडत होत्या आणि पाण्यावर पडून त्यांचे दिवे होत होते. मी हाक मारली. तो वळला तर तोंड यांचं होतं, तरुणपणचं. काहीतरी बोलला. तेलुगूत. मला कळलं नाही, आणि तरी मी "हो" म्हटलं.

उठले तर हे शेजारी जागेच होते. माझ्याकडे बघत.

१० मे, शुक्रवार. अक्षय्य तृतीया.

आज पुढचं ऐकलं. राम झाल्यावर त्याला दुसरं कामच कुणी देईना. एका सिनेमात त्याला खलनायक केला तर लोकांनी पडदा फाडला. घरी चूल पेटेना. मग त्यानं मुद्दाम बेलबॉटम घातली, दारू प्यायचं नाटक केलं, मारामाऱ्या केल्या. लोक आधी रडले, मग शिट्ट्या मारायला लागले. रिक्षावाल्यांचा हिरो झाला. पुढे निवडणुकीला उभा राहिला आणि आपल्याच जिल्ह्यात पडला. रत्नम्मा म्हणाली, "तेल के मिलवाले ने राम को हराया, देखो कलियुग!" मग बायको गेली. मग म्हाताऱ्याची कामं. मग तीही नाहीत.

"निजामाबाद में एक थेटर था," रत्नम्मा म्हणाली, "उधर उनका पिक्चर लगे तो लोगां इत्ता चिल्लाते कि गला बैठ जाता."

यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. उपम्यात मिरची फार घालते ती. यांना निजामाबाद चांगलं ठाऊक. बियाण्यांच्या कंपनीत असताना महिन्यातून दोनदा तिकडे फिरती असायची. घरी यायचे तेव्हा घसा असा बसलेला असायचा की दोन दिवस आवाज नाही. बियाण्याला लावलेल्या औषधाची धूळ, म्हणायचे. मी हळद-दूध द्यायची. आज ते आठवून मला भरून आलं. केवढे कष्ट काढले या माणसानं.

भजन आजही म्हटलं. ओठ हलले नाहीत.

१८ मे, शनिवार.

प्रसाद धावत आला. भुवनमोहन अमेरिकेत मुलाकडे आले आहेत आणि तेलुगू मंडळानं सत्काराला डेट्रॉइटला बोलावलंय. पुढच्या रविवारी दुपारी प्रसादच्या तळघरात जेवायला येणार! मंडळाची तरुण पोरं पार्किंगच्या मैदानात गाड्या लावून त्यांच्या नावाची आद्याक्षरं करणार आहेत आणि वरून ड्रोननं फोटो काढणार. इंजिनिअर माणसं ही!

"आंटी, आप और अंकल फर्स्ट रो में," प्रसाद म्हणाला.

हे उठले आणि आपलं रेशमी जाकीट कपाटातून काढायला लागले. आठ दिवस आधी.

मी ठरवलं आहे. तसबीर घेऊन जायची आणि त्याला विचारायचं. काय विचारायचं ते अजून ठरत नाही.

२६ मे, रविवार.

सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

तळघरात पन्नासएक माणसं. बिर्याणीचा वास, जाईचे गजरे (शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरून कुणीतरी रात्रीतून आणलेले), कागदाचे कपटे उधळणारी मोठमोठी पोरं. शिट्ट्या. आणि मग जिन्यावरून दोघांच्या आधारानं एक वाळलेला म्हातारा उतरला. पांढरं धोतर, पायांना सूज, म्हणून पांढरे खेळाचे बूट. खळी होती. सुरकुत्यांत बुडाली होती, पण होती.

रत्नम्मानं मला ओढत पुढे नेलं. "येडे क्या, पूछो ना!" मी पंचा सोडला. तसबीर समोर धरली. तोंडातून शब्द फुटेना. यांच्या वाचेचं दुःख काय असतं ते मला त्या क्षणी कळलं.

त्यांनी तसबिरीकडे पाहिलं. मग खाली वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. लोक मदतीला धावले, त्यांनी हातानं थांबवलं. वेळ लागला. बूट काढले, मोजे काढले, सुजलेले पाय उघडे जमिनीवर टेकले आणि तसबिरीला हात जोडले. स्वतःच्या तोंडाला नव्हे. ते कुठे बघत होते ते मला दिसत होतं, मीही तिथेच बघत आले आहे.

मग रत्नम्माशी काही बोलले. ती म्हणाली, "बोल रहें, मुखडा मेरा उसने किराये पे लिया था. वापस कर दिया. मैं भी पचास साल से इसीकू पूछ रहा. बाई, तुमकू जवाब आया क्या?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच माहीत नाही.

मग पोरांनी गलका केला, पद्य म्हणा, पद्य म्हणा. रामाच्या सिनेमातलं, सीता हरवल्यावर राम रानातल्या झाडांना विचारत फिरतो ते. ते नको म्हणत होते. शेवटी डोळे मिटून सुरू केलं. आवाज चिरलेला, पण सूर पक्का. ग्रहणाच्या दिवशी ऐकलेला तोच आवाज, एवढा म्हातारा होऊन आलेला. हळूहळू सगळे बसले. बाहेर पावसाळी ढग आले असतील, तळघराच्या चिमुकल्या खिडकीतून तसाच निवलेला उजेड येत होता.

आणि ते थांबले. पुढची ओळ आठवेना. ओठ हलले, पुन्हा मागची ओळ घेतली, पुन्हा तिथेच अडले. कुणी मोबाइल खाली केले. कुणी मान. त्या म्हाताऱ्या माणसाचे हात हवेत तसेच राहिले.

तेव्हा माझ्या शेजारून आवाज आला.

खरखरीत, गंजलेल्या बिजागरीसारखा. हे गात होते. डोळे त्यांच्याकडे लावून, डावा हात उचलून, तेलुगूत, अख्खी ओळ. शब्द न चुकता. शेवटचा सूर लांबवला तसा मी यांचा दंड धरला. शंतनू मागून "बाबा!" ओरडला. भुवनमोहन पुढे झुकले, ती ओळ यांच्याकडून घेतली आणि मग दोघांनी मिळून शेवट केला. त्यांनी यांच्या गालावर हात ठेवला. म्हणाले काहीतरी. यांनी मान डोलावली, जुनी ओळख असल्यासारखी.

गोंगाटात रत्नम्माला विचारलं, "यांनी काय म्हटलं? अर्थ काय?"

"वो आखरी लाइन है, बाई. राम बोलता झाडां को, तुम तो भी कुछ बोलो."

३० मे, गुरुवार.

वाचेची बाई आली होती. खूश झाली. आता तेच पद्य म्हणवून घेते आणि मध्येच थांबवून पुढचा शब्द बोलायला लावते. आज "पाणी" आलं. "आन्या" आलं. ती पोर उड्या मारत होती.

मी मात्र चार दिवस एका गोष्टीशी झगडते आहे. तेलुगू पद्य, शब्दन् शब्द पाठ. ते काही फिल्टर कॉफीनं होत नाही. निजामाबाद. बसलेला घसा. भजनाच्या दिवशी बाहेर जाणं. बासरला "हा घे" म्हणालेले.

दुपारी दोघंच होतो. मी तसबीर पुसत होते. विचारलं, "तुम्हाला माहीत होतं. हा कोण ते."

ते म्हणाले, "हो."

"घेतली तेव्हापासून?"

"हो." आणि हसले. हनुवटीपर्यंत हसले. रामनवमीला खांदे हलत होते ते रडणं नव्हतं तर.

मला असा राग आला! एवढी वर्षं, हळद-दूध, सोवळं, उपास, आणि हा माणूस मागे उभा राहून आपल्या हिरोची पूजा माझ्याकडून करून घेत होता. म्हटलं, "एकदा तरी सांगायचं होतं. का नाही सांगितलंत?"

त्यांनी तोंड उघडलं. शब्द येईना. मी थांबले, हल्ली थांबायला शिकले आहे. बाहेर रानहंस तळ्यावर उतरले, उठले, पुन्हा उतरले. ऊन तुळशीवरून सरकत यांच्या गुडघ्यावर आलं. डावा हात दोनदा वर आला आणि खाली गेला.

"तू," ते म्हणाले. मग, "हात जोडून... छान... दिसायचीस."

मी उठले. कोटांच्या मागे आता ती ठेवायची नव्हती. देव्हाऱ्यात मागच्या जागी ठेवली, गंध उगाळलं, भुवईच्या वर लावलं. खळीला लागू दिलं नाही. ते खुर्ची वळवून बसले होते. पाठ फिरवलेली असूनही मला कळत होतं ते कुठे बघत आहेत.

मी हात जोडले.